डागाची जागा

इंदापूरच्या बाजारपेठेच्या मागं, जिथं गुळाच्या अडती संपतात आणि बाभळी सुरू होतात, तिथं त्या काळी एक धर्मादाय दवाखाना होता. पुढं लांब ओटा, आत दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत मधोमध टांगलेला जाड मांजरपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं डॉक्टरांचं राज्य होतं. पलीकडं सारजाचं.

राज्य म्हणजे काय, तर एक लाकडी टेबल, एक उशी, चढायला एक पाट आणि दोन चादरी. पण त्या टेबलावर आडवी झाल्याशिवाय बाईमाणसाचं दुखणं डॉक्टरांच्या हाताला लागत नसे, आणि सारजानं हात दिल्याशिवाय कुणी बाई त्या टेबलावर चढत नसे. म्हणून ओट्यावर बसलेल्या बायका डॉक्टर आले का हे विचारायच्या आधी सारजा आली का हे विचारायच्या. कंपाउंडर रावजी औषधाच्या बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता म्हणायचा, की आपला दवाखाना डॉक्टरांच्या सहीनं चालतो आणि सारजाबाईच्या चादरीवर. डॉक्टरही हे ऐकून हसायचे. खोटं नव्हतं ते.

सारजा कऱ्हाटीच्या धनगराची लेक. जन्म मेंढरांच्या वाड्यात, वाढ चालता चालता. लग्न होऊन इंदापूरकडं आली तेव्हा नवऱ्याच्या, सोनबाच्या घरीही मेंढरंच होती. बावन्नच्या दुष्काळात चारा गेला, पाणी गेलं आणि मागोमाग मेंढरं गेली. रिकामी काठी खांद्यावर टाकून हिंडण्यात काय अर्थ, म्हणून सोनबा अडतीवर हमाली करू लागला, आणि सारजा दवाखाना झाडायला लागली.

एक दिवस काय झालं, वरकुट्याकडची एक पोटुशी बाई तपासायला आली आणि टेबलाकडं बघून तिनं जमीनच धरली. परक्या पुरुषापुढं पाय पसरून आडवं व्हायचं, तेही खाली बसलेल्या सासूच्या डोक्यापेक्षा उंच जागी, हे तिच्या मनाला पटेना. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, नवऱ्यानं बाहेरून दरडावून पाहिलं. बाई गुडघ्यात डोकं घालून बसलेली. सारजानं खराटा भिंतीला टेकवला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं पडद्याआडून तिनं हाक मारली, की सायेब, या. डॉक्टर आत गेले तर बाई टेबलावर निजलेली, गुडघे उभे, पोट सैल, अंगभर चादर, आणि तोंड खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडं. त्या दिवसापासून खराटा दुसऱ्या बाईच्या हाती गेला.

मेंढी कातरायला आडवी करताना तिला मागून ओढली तर ती जिवाच्या आकांतानं पाय झाडते. पुढून जावं, तिला आपला वास घेऊ द्यावा, एक हात हनुवटीखाली घालावा, दुसरा मांडीशी, आणि आपल्या गुडघ्याला तिला टेकवावी. मग ती सगळा भार आपल्यावर सोडून देते आणि गप पडून राहते. माणसाला मेंढरासारखं धरते असं सारजा कधी म्हणाली नसती, कुणी म्हटलं असतं तर रागावली असती. पण जे हाताला आलेलं असतं ते हात विसरत नाही. ती बाईसमोर येऊन उभी राही. हात एकमेकांवर घासून ऊन करी. लुगड्याची कमरेची गाठ सैल करायला बाईलाच सांगे, स्वतः हात घालत नसे. चोळीची गाठ सोडायची वेळ आली तर आधी वरून चादर टाकी आणि मग चादरीखाली सोडायला लावी. मानेखाली हात देऊन निजवी. गुडघे वर घ्यायला सांगे, म्हणजे पोट दगडासारखं राहत नाही. आणि म्हणे, जात्याचा घास संपल्यावर जसा सुस्कारा टाकतीस, तसा टाक.

चादरीचं तर तिचं शास्त्रच होतं. सगळं अंग झाकायचं आणि डॉक्टरांना पाहिजे तेवढीच जागा उघडायची, वीतभर, टीचभर. काम झालं की ती झाकून दुसरी. बाई टेबलावरून उतरायची तेव्हा आपण उघडं पडलो होतो असं तिला वाटत नसे. एवढ्यासाठीच बावड्याच्या, निमगावच्या, कुठल्या कुठल्या बायका पायी येत.

पण त्या चादरीखाली आणखी एक गोष्ट झाकली जात असे, आणि ती डॉक्टरांना ठाऊक नव्हती.

आमच्या भागात तेव्हा डाग देण्याची चाल होती. पोटात कळ आली, बरगडीत चमक भरली, लेकराचं पोट फुगलं, की विळा तापवायचा आणि त्याच्या पाठीनं दुखत्या जागी कातडीवर रेघ ओढायची. मेंढराला तशीच, माणसाला तशीच. आगीनं आग मरते अशी समजूत. सारजाच्या स्वतःच्या पोटावर बेंबीच्या डाव्या अंगाला दोन डाग होते, लहानपणी आजीनं दिलेले. गोंदणासारखेच ते तिला अंगाचे वाटत.

डॉक्टर होते पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण डाग बघितला की त्यांचं डोकं फिरे. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्यानं नातवाला आणलं होतं, पोटावर ताजे डाग. डॉक्टर पोराला उचलून ओट्यावर घेऊन आले आणि पन्नास माणसांसमोर म्हाताऱ्याला बोलले. माणसं आहात का कसाई, असं विचारलं.  पटका काढून म्हाताऱ्यानं पोराचं पोट झाकलं आणि औषध न घेता चालता झाला. पुढं कितीतरी दिवस ओटा ओस पडला. डॉक्टरांना वाटलं, सुगीचे दिवस आहेत. सारजाला कारण माहीत होतं.

तेव्हापासून डाग घेऊन आलेली बाई पडद्याआड गेली की हळूच सारजाचा हात धरी. सारजा मान हलवी. चादर अशी काही बसवी, बाईला अशी काही कुशीवर वळवी, की डाग खाली जाई आणि डॉक्टरांच्या नजरेला कोरी कातडी येई. बाई औषध घेऊन हसत घरी जाई, ओटा पुन्हा भरू लागला. आपण दोन्हीकडची लाज राखतो, बायकांचीही आणि डॉक्टरांचीही, असं सारजाला वाटे. या गोष्टीचा तिला अभिमानच होता म्हणा ना.

छपन्न सालच्या उन्हाळ्यात बावड्याहून द्वारकाबाई आली. बरोबर सून, छबूबाई. माळ्याचं घर, विहिरीवर मळा, वांगी-मिरची इंदापूरच्या बाजारात आणणारी माणसं. द्वारकाबाईला सगळा मुलूख ओळखत होता तो मात्र मिरचीमुळं नाही. डाग द्यावा तर द्वारकाबाईनं, असं लोक म्हणत. अकलूजपासून माणसं तिच्या दारात येत. ती आधी डोळे मिटून बोटांनी अंग चाचपी, नेमकी जागा धरी आणि मगच विळा मागवी. असल्या बाईला आपल्याच सुनेला डाग देऊन गुण आला नाही, आणि तिला दवाखान्यात आणावं लागलं, हे ओट्यावर कुणाला कळू नये म्हणून ती अगदी कोपऱ्यात, खांबाआड बसली होती.

छबू विशीतली पोर. मूळची उजळ, पण त्या दिवशी चेहरा राखेसारखा. ताप येऊन जाऊन होता, जेवण तुटलं होतं, चालताना उजवी कूस धरून एका अंगाला कलत होती. पडद्याआड आल्यावर द्वारकाबाईनं सारजाचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "बाई, तू आमच्यातली. हिच्या बरगडीवं डाग हायती, म्याच दिल्यात. त्येवढं त्या बामनाच्या नजरंला पडू दिऊ नगंस. माजं नाव जाईल."

सारजानं तिला शब्द दिला.

छबूला निजवताना सारजाचा हात उजव्या बरगडीखालून गेला. तीन आडव्या रेघा, अजून ओल्या. पोर कळवळली. सारजाला वाटलं, ताज्या डागाची आग आहे. तिनं चादर वरून खाली ओढून बरगड्या झाकल्या, कडेला खोचली, आणि बेंबीच्या आजूबाजूचं पोट तेवढं उघडं ठेवलं. सासूनं पढवल्याप्रमाणं छबूनं डॉक्टरांना बेंबीच दाखवली.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. वर बरगडीकडं सरकू लागले तशी पोर आकसली. ते थांबले. चादरीवर सारजाचा हात होता. उजव्या बाजूला, वरती काही आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. बाईमाणसाचं अंग होता होईल तो सारजाच्याच नजरेनं बघायची त्यांनी सवय लावून घेतली होती.

"न्हाय, सायेब," सारजा म्हणाली. "नवी हाय, लाजती."

डॉक्टरांनी मान हलवली. तापावर एक औषध दिलं, पोटावर एक. उतार पडला नाही तर परत आणा म्हणाले. द्वारकाबाई जाताना सारजाच्या पदरात चार वांगी टाकून गेली.

संध्याकाळी सोनबा जेवायला बसला तेव्हा सारजानं ही हकिकत मोठ्या हौसेनं सांगितली. एवढी नावाजलेली बाई, पण आपला हात धरून कशी गयावया करत होती, आणि आपण कसं निभावून नेलं. सोनबा ओझी वाहून दमलेला, भाकरी मोडत ऐकत होता.

"मंग डाक्टरनं बघितलं काय?" त्यानं विचारलं.

"प्वाट बघितलं की."

"आन डाग?"

"त्ये झाकलं मी. त्येच तर सांगती न्हवं का मगाधरनं."

सोनबाला हसू आलं. "येडे, डाग काय शोभंसाठनं देत्यात? जितं ठणाकतं तितं देत्यात. आन द्वारकाबाईचा हात म्हंजी तर काय, जागा चुकायची न्हाय. तू डाग न्हाय झाकलास, दुखनंच झाकलंस."

तो गंमतीनं बोलला होता. बोलून पाणी प्याला आणि दुसऱ्या विषयावर गेला. सारजा मात्र तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. तिचा हात तिला आठवू लागला. डागाची आग कातडीत असते, वरवरची. फुंकर घातली तर क्षणभर निवते. छबूच्या बरगड्यांमध्ये हाताला लागलेली आग वरची नव्हती. ती आतून येत होती, भाजलेल्या जागेच्या कितीतरी पलीकडं पसरलेली. आणि तिथली कातडी ताणलेली होती. हे सगळं हाताला सकाळीच कळलं होतं. मनानं ऐकलं नव्हतं.

सकाळी ती दवाखान्यात गेली तेव्हा ओट्यावर नेहमीसारख्या बायका येऊन बसल्या होत्या. त्यांच्यातल्या दोघींच्या अंगावर डाग असणार हे तिला त्यांच्या बसण्यावरूनच समजलं. त्यांनी तिच्याकडं बघून मान हलवली. तिनं बघितलं न बघितलंसं केलं. डॉक्टरांना सांगायचं म्हणजे एका छबूचं सांगून भागणार नव्हतं. इतके दिवस आपण काय करत आलो तेही सांगावं लागणार. काम जाईल ते जाईल. पण या बायका पुन्हा कुणाच्या भरवशावर त्या टेबलावर चढतील? आणि न सांगावं, तर बावड्याची ती पोर.

डॉक्टर आले. अंगातला कोट खुंटीला अडकवायच्या आत सारजानं सगळं सांगून टाकलं. मान खाली घालून, एकसुरी, जसं मेंढरू कुठं चुकलं ते बापाला सांगायची तसं.

रावजी बाहेर बाटल्या धूत होता, त्याचा हात थांबला. आता आभाळ कोसळणार असं त्याला वाटलं. पण डॉक्टर ओरडले नाहीत. कोट हातात धरून ते खुर्चीवर बसले. असं किती जणींचं केलं, एवढंच त्यांनी विचारलं. सारजाला सांगता येईना.  मग डॉक्टर म्हणाले, "मी त्या म्हाताऱ्याला बोललो, त्या दिवसापासून ना?"

"व्हय, सायेब," सारजा म्हणाली. 

डॉक्टर उठले. पोरीला आजच्या आज आणा म्हणाले, डाव्या कुशीवर निजवून, धक्का न लावता. आत गळू झालं असावं, उशीर झाला तर ते आतल्या आत फुटेल. सारजा दाराशी जाऊन थांबली. म्हणाली, की सायेब, मला काय बोलायचं ते बोला, कामावरनं काढा, पण त्या सासूला ओट्यावर एक शब्द बोलू नका. नाहीतर ती पोरीला धाडायची नाही, मेली तरी. डॉक्टरांनी, कुणालाच नाही बोलणार, असा शब्द दिला आणि हातानं जा म्हणून खुणावलं.

अकलूजकडं जाणारी एसटी तिला मिळाली. बावड्याच्या फाट्यावर उतरून ती मळ्याच्या वाटेनं निघाली. विहिरीवर मोट चालू नव्हती. मिरचीचे वाफे सुकून चालले होते. घरात काहीतरी आहे हे त्या वाफ्यांवरूनच कळत होतं.

ओसरीत छबू गोधडीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. नवरा, झुंबर, उशाशी बसून वारा घालत होता. आणि चुलीपुढं द्वारकाबाई. चुलीत विळा होता, लाल होत आलेला.

सारजाला बघून द्वारकाबाई आधी खूश झाली. सारजानं कशाला आले ते सांगितलं, तसा तिचा चेहरा पालटला.

"तू शबूद दिला हुतास मला."

"दिला हुता. मोडला. डाक्टरला सगळं सांगून आले."

"म्हंजी आता वट्यावं बशिवनार मला आन सगळ्यांम्होरं माजी धिंड काडनार." द्वारकाबाई उठून उभी राहिली. "तुज्या बापाच्या वाड्यात डाग देत न्हवते व्हय गं? दवाखान्याची भाकर गोड लागली, आता आमी कसाई."

सारजा तिच्याशी भांडली नाही. तिला ते जमलंही नसतं. ती छबूजवळ गेली, समोरून, ऊन केलेला हात तिच्या कपाळावर ठेवला, आणि हळूहळू तिला डाव्या कुशीवर वळवली. मग द्वारकाबाईला म्हणाली, "मावशी, तुमचा हात माज्यापरीस शाना हाय. डागाच्या वर न्हाय, डागाच्या हिकडच्या अंगाला लावा. डोळं मिटून लावा."

द्वारकाबाईनं चुलीकडं पाहिलं. चुलीत विळा तापतच होता. झुंबर आईच्या तोंडाकडं बघत होता. मग ती खाली बसली, डोळे मिटले आणि बोटं सुनेच्या बरगड्यांवर ठेवली. जनावराच्या अंगात पू धरला म्हणजे बोटांना कसं लागतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आजवर असंख्य अंगं त्या बोटांनी वाचली होती. आपलं नाव जाईल या भीतीनं त्या दिवसांत सुनेचं अंग मात्र तिनं पुन्हा चाचपलं नव्हतं. पहिल्याच जागी आणखी एक डाग देऊन मोकळं व्हायचं होतं तिला.

तिनं बोटं उचलली आणि चुलीतला विळा ओढून राखेत टाकला. झुंबरला म्हणाली, "बैलं जुप."

गाडीत कडब्याचा जाड थर घातला, वर गोधड्या. सारजानं छबूला डाव्या कुशीवर घेतली, पाठीमागं वाकळेची गुंडाळी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर. खाचखळगा आला की सारजा आधीच तिच्या खांद्याखाली हात घाली, म्हणजे धक्का हातावर येई. उन्हाची तिरीप आली की पदर आडवा धरी. द्वारकाबाई गाडीच्या मागच्या टोकाला पाठ करून बसली होती. इंदापूरची घरं दिसू लागली. तशी ती पाठमोरीच म्हणाली, "वाचंल का?"

"ठावं न्हाय, मावशी," सारजा म्हणाली. त्या आठवड्यात तिनं बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळी तयारी करून ठेवली होती. मोठी सुई उकळत होती. सारजानं छबूला टेबलावर घेतली. या वेळी तिनं चादर वेगळी बसवली. खालून कमरेपर्यंत झाकलं, वरून छाती झाकली, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला म्हणजे बरगड्या फाकतात, आणि मधली सगळी जागा उघडी ठेवली. तिन्ही डाग खिडकीच्या उजेडात आले. द्वारकाबाई पडद्याशी उभी होती. सारजानं तिला बाहेर जायला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी डाग पाहिले. त्यांचे ओठ घट्ट मिटले, सारजानं ते बघितलं. मग त्यांनी एका बोटानं बरगड्यांच्या फटीत एकेक जागा दाबायला सुरुवात केली. कुठं जास्त दुखतं ते पोरीला नीट सांगता येईना, ती नुसती कण्हत होती. डॉक्टरांनी मान वर केली आणि पडद्याकडं बघून विचारलं, "डाग कोणी दिला?"

ओट्यावरची कुजबुज थांबली. भिंतीला कान असतात म्हणतात, पडद्यालाही असतात.

"म्या," द्वारकाबाई म्हणाली. कोरडा आवाज होता.

"तेव्हा जास्त दुखणं कुठल्या रेघेखाली होतं?"

द्वारकाबाईला प्रश्न समजायलाच वेळ लागला. मग ती पुढं आली आणि मधल्या रेघेच्या मागच्या टोकाशी बोट नेलं. टेकवलं नाही, वरच धरलं. डॉक्टरांनी तिथं दाबलं. छबूच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेर झुंबर उठून उभा राहिला. डॉक्टरांनी बारीक सुईनं जागा बधिर केली आणि मग मोठी सुई घातली. सारजानं छबूचं तोंड आपल्याकडं वळवून घेतलं होतं. माझ्याकडं बघ, सुस्कारा टाक, असं ती सारखं म्हणत होती. नळीत काकवीसारखा दाट, तांबूस-काळा पू उतरू लागला. यकृतात गळू झालं होतं. भांडं भरत आलं तसा छबूचा आवळलेला हात सारजाच्या मनगटावर सैल पडत गेला.

हात धुताना डॉक्टर द्वारकाबाईला म्हणाले, "जागा तुम्ही बरोबर धरली होती. इलाज चुकला."

एवढंच. वर एक शब्द नाही. पण हे एवढंसुद्धा त्यांना किती जड गेलं असेल हे त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून सारजाला दिसत होतं.

छबू वाचली. बरेच दिवस दवाखान्याच्या मागच्या खोलीत होती, रोज एक इंजेक्शन, उठायची बंदी. सारजा तिचं अंग पुसायची, कूस बदलायची. पोर बोलकी निघाली. मळ्यातल्या वांग्यांची नाव घेऊन चौकशी करायची म्हणा ना. द्वारकाबाई रोज भाकरी घेऊन यायची, सुनेला भरवायची आणि सारजाशी न बोलता जायची. वांगी काही पुन्हा पदरात पडली नाहीत. गावात मात्र तिनं डॉक्टरांचं वाक्य सांगितलं, पहिलं अर्धं. जागा तुम्ही बरोबर धरली होती, असं पुण्याचा डॉक्टर मला म्हणाला. उरलेलं अर्धं झुंबर सांगायचा, आई जवळपास नसली म्हणजे.

सारजाचं काम गेलं नाही. पण ओट्यावर तिचं पहिल्यासारखं स्थान राहिलं नाही हेही खरं. सारजा डॉक्टरला सांगते, अशी कुजबुज झाली. आता ती प्रत्येक बाईला पडद्याआड घेताच सांगू लागली, की सगळं अंग झाकीन, पण डाग असला तर तो झाकणार नाही. काही जणी ते ऐकून पाटावर ठेवलेला पाय मागं घेत आणि पदर सावरून निघून जात. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत सारजा उभी राही. हाक मारावीशी वाटे, पण मारून काय सांगणार? डॉक्टर आपला शब्द पाळत होते, बहुतेक वेळा. एकदा एका लहान पोराच्या पोटावर पाच डाग पाहून त्यांचा आवाज चढलाच. तेव्हा सारजा मध्ये उभी राहिली, पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, की सायेब, आधी पोराचं बघा. डॉक्टर गप झाले. नंतर रावजी तिला म्हणाला, सारजाबाई, आता दवाखाना कुणाच्या सहीनं चालतो ते विचारायलाच नको. ती हसली नाही. पुढं मात्र त्या पोराच्या आईनं आपल्या जावेला धाडलं, जावेनं बहिणीला. ओटा भरायला दोन पावसाळे लागले.

मग एका बाजारच्या दिवशी बावड्याकडची सरुबाई आली. चाळिशीची, अंगानं भरलेली, पोटात कळा येतात म्हणून वाकून चालणारी. पडद्याआड आल्यावर सारजानं नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, पण सरुबाईच आधी बोलली. डाग नाही म्हणाली. डाग मागायला गेले होते, पण दिला नाही.

सारजानं तिला निजवलं, गुडघे वर घ्यायला लावले, चादर टाकली आणि हळूहळू वर सारली. पोटाच्या उजव्या अंगाला, खाली, गेरूनं काढलेलं एक वर्तुळ होतं. रुपयाएवढं, नीट, घामानं कडेला थोडं पसरलेलं.

"द्वारकाआत्यानं काडून दिलंय," सरुबाई म्हणाली. "डोळं मिटून चाचापलं आन काडलं. म्हनली, सारजाला दाव. जागा चुकली आसंल तर सांगून धाड म्हनली." जरा थांबून तिनं पुढचंही सांगितलं. "चुकायची न्हाय, असंबी म्हनली."

सारजानं हात घासून ऊन केले. वर्तुळाच्या बाहेरून, अगदी कडेकडेनं बोटं फिरवली, गेरू पुसला जाऊ नये म्हणून. मग चादरीची घडी त्या लाल रेघेच्या बरोबर काठाला आणून ठेवली आणि पडद्याकडं तोंड करून डॉक्टरांना हाक मारली.

"सायेब, या. हितं हाय."